रामटेकला पूर्ण दिवस द्या

नागपूरच्या बहुतेक घरांत रामटेक म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम समजतात. सकाळी उन्हे वर आल्यावर गाडी काढायची, घाटरस्त्याने थेट गडावर न्यायची, रामाचे दर्शन घ्यायचे, खिंडसीला नावेत बसायचे आणि जेवायला घरी परत यायचे. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांनाही हेच रामटेक दाखवले जाते. त्यामुळे आयुष्यभर नागपुरात राहिलेल्या माणसालाही त्या टेकडीवर दीड हजार वर्षांपूर्वीची देवळे उभी आहेत याचा पत्ता नसतो. गाडी त्यांच्यापाशी थांबतच नाही.

माझे सांगणे एवढेच की या गावाला एक अख्खा दिवस द्या आणि टेकडी एकदा तरी पायी चढा. शहरापासून अवघ्या पन्नासेक किलोमीटरवर वाकाटक, यादव, महानुभाव, जैन आणि भोसले अशा सगळ्यांच्या खुणा एकाच डोंगरावर आणि त्याच्या पायथ्याशी आहेत. विदर्भात दुसरीकडे त्या अशा एकवटलेल्या नाहीत.

आधी दिवस निवडा. चैत्रात रामनवमीला गडावर मोठी गर्दी असते आणि ऊनही तापू लागलेले असते. श्रद्धेने जाणाऱ्याने जरूर जावे, पण पाहायला जाणाऱ्याने तो दिवस टाळावा. एप्रिल-मे तर टाळाच. नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा त्या उघड्या दगडी पायऱ्यांवर थांबवत नाही. सगळ्यांत चांगला काळ आषाढापासून माघापर्यंतचा. पावसाळ्यात टेकडी हिरवी होते, खाली धानाची शेते पाण्याने भरतात आणि उत्तरेला सातपुड्याच्या रांगांवर ढग उतरलेले दिसतात. पायऱ्यांवर मात्र शेवाळ असते, म्हणून घसरणार नाही असे जोडे घाला. थंडीत आकाश स्वच्छ असते आणि चालायला उत्साह येतो. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा भरते. तिच्या आधी वैकुंठ चतुर्दशीला गावातून मोठी शोभायात्रा निघते आणि पौर्णिमेच्या मध्यरात्री देवळावर त्रिपूर पेटतो. रामाचा पीतांबर देवळाच्या माथ्यावर नेऊन जाळण्याची प्रथा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे. तो सोहळा पाहायचा असेल तर मुक्कामाच्या तयारीने जा. मी सांगतो आहे ती भटकंती त्या दिवशी जमायची नाही.

निघायचे सहाच्या आत. स्वतःचे वाहन असेल तर कामठी, कन्हान, मनसर असा जबलपूरचा महामार्ग धरायचा आणि मनसरला उजवीकडे वळायचे. तिथून रामटेक सहा-सात किलोमीटर. वाटेत कामठीला १९९९ साली उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस हे देखणे बुद्धविहार लागते. त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. आज तिथे थांबलात तर पायऱ्या उन्हात चढाव्या लागतील. एसटी गणेशपेठच्या बसस्थानकावरून सुटते आणि साधारण दीड तासात पोहोचवते. रेल्वेचा एक छोटा फाटाही रामटेकपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. इतवारीहून मोजक्या पॅसेंजर असतात. लहान मुले बरोबर असतील आणि वेळापत्रक जुळत असेल तर जाताना रेल्वेनेच जा. स्टेशनवरून ऑटो मिळतो. ऑटोवाल्याला गड सांगू नका, अंबाळा सांगा. तो सवयीने गडाच्या वरच्या वाहनतळाकडे निघेल, म्हणून दोनदा सांगा.

सुरुवात अंबाळ्यापासून करावी असे माझे ठाम मत आहे. डोंगराच्या कुशीत हा तलाव आहे. चारी बाजूंनी घाट आणि घाटांवर लहानमोठी देवळे आहेत. अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग इथल्या पाण्याने बरा झाला, त्यावरून तलावाला नाव पडले, असे गावात सांगतात. आजही विदर्भातून लोक इथे अस्थी विसर्जनाला आणि पिंडदानाला येतात. सकाळी घाटावर कोणाचे तरी दुःखाचे विधी चाललेले असतात. कॅमेरा तेवढा वेळ पिशवीत ठेवा, आवाज खाली ठेवा. पाण्यात न उतरलेले बरे.

अंबाळ्याकडून गडावर जाणारी फरसबंद पायऱ्यांची वाट ही यात्रेकरूंची जुनी वाट. चढ आहे, पण अंगावर येणारा नाही. घाई न करता, बसत-बसत, साठीतली माणसेही चढतात. प्रत्येकी एक लिटर पाणी बरोबर असू द्या. खाण्याचे काही हातात दिसेल असे धरू नका. गडावर माकडे फार, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना लांबून कळतो. चष्मा, टोपी आणि मुलांच्या हातातले बिस्किट सांभाळा. माकडांना खायला घालण्याचा मोह आवरा. माणसांच्या अंगावर येण्याची सवय त्यांना आपणच लावली आहे.

पायऱ्या संपत आल्या की रुद्र-नरसिंह आणि केवल-नरसिंह ही दोन जुनी देवळे येतात. तुमच्या दिवसातला सर्वांत जास्त वेळ इथे द्या. दोन्ही पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. अजिंठ्याची सोळा-सतरा क्रमांकाची लेणी कोरली गेली त्याच शतकातली, फक्त ती वाकाटकांच्या दुसऱ्या, वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेच्या राज्यातली. बाहेरून ही देवळे बसकी दिसतात, सपाट छताची, फारसे नक्षीकाम नसलेली. शिखराची सवय असलेल्या डोळ्याला देऊळ वाटणारही नाही. आत डोकावलात की अंधारात हळूहळू मूर्ती आकार घेते. एक गुडघा वर करून ऐसपैस बसलेला, माणसाहून मोठा नरसिंह, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडण्याचा प्रसंग नाही. पुढे हजार वर्षे जो नरसिंह आपण चित्रांतून पाहत आलो, त्याच्या आधीचा हा शांत, भरदार नरसिंह आहे. डोळे सरावायला दोन मिनिटे द्या आणि मोबाइलचा दिवा लगेच मूर्तीवर मारू नका. दारातून येणाऱ्या उजेडात ती जास्त चांगली दिसते.

केवल-नरसिंहाच्या देवळात भिंतीवर ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. चुन्याच्या लेपाखाली तो शतकानुशतके झाकलेला होता. १९८० च्या दशकात डागडुजी चालू असताना उजेडात आला. बराचसा झिजला आहे, तरी वाकाटक राजघराण्यातल्या स्त्रियांनी या टेकडीवर देवळे उभारली, हे अभ्यासकांना त्यावरून कळले. त्या घराण्यातले सर्वांत मोठे नाव प्रभावतीगुप्ता. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुले लहान होती, म्हणून तिने स्वतः राज्यकारभार हाती घेतला. काळ साधारण चौथ्या शतकाचा शेवट आणि पाचव्याची सुरुवात. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला आणि तो रामगिरीस्वामीच्या पायांशी बसून दिल्याचे त्यावर कोरलेले आहे. रामगिरी म्हणजे हीच टेकडी; म्हणजे इथला देव तेव्हाच राजघराण्याचे दैवत होता आणि राज्याचे निर्णय त्याच्या साक्षीने होत. मुलींना घेऊन जाणार असाल तर हे त्यांना इथे, या देवळाच्या दारात बसवून सांगा. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीतली राणी तिथे खरी वाटू लागते.

देवळांच्या समोरच एक जुनी साधी मशीदही आहे. तीही पाहून पुढे चला.

गडाच्या बाहेरच्या दरवाजापाशी भव्य वराह आहे. अख्ख्या दगडातून घडवलेला, चार पायांवर उभा, त्याच्या पोटाखालून वाकून जाता येईल एवढा. पोटाखालून जो निघतो तो पुण्यवान, अशी समजूत आहे, आणि मुले ते मोठ्या आनंदाने करतात. दगड दीड हजार वर्षांचा आहे, तेव्हा त्यावर चढू देऊ नका. पुढे सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा आणि शेवटी गोकुळ दरवाजा. भोसल्यांच्या काळात या दरवाजांमधल्या एका चौकात शस्त्रागार होते. तटबंदी, बुरूज आणि दरवाजांची मांडणी पाहिली की गावकरी या देवस्थानाला गडमंदिर का म्हणतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

गोकुळ दरवाजातून आत गेलात की लक्ष्मणाचे मंदिर आधी आणि रामाचे त्यामागे. आज गजबजलेले देवस्थान आहे ते अठराव्या शतकात पहिल्या रघुजी भोसल्यांनी सावरलेले. देवगड सर झाला तर रामाचे देऊळ पुन्हा उभारीन, असा त्यांचा नवस होता असे सांगतात. जयपूरहून मूर्ती मागवल्या, पण रामाने स्वप्नात येऊन आपल्या मूर्ती सूर नदीत असल्याचे सांगितले आणि त्या तिथे मिळाल्या, ही कथा पुजाऱ्यांकडून ऐकावी. देवळाचा गाभा मात्र भोसल्यांच्या कितीतरी आधीचा आहे. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला शिलालेख आहे आणि त्यात या टेकडीवरच्या तीर्थांचे वर्णन आहे. पुजाऱ्यांना नम्रपणे विचारलेत तर दाखवतात. दुपारी काही वेळ गाभारा बंद असतो, म्हणून दर्शन अकराच्या आत आटोपेल असे चाला. गाभाऱ्यात फोटो काढू नका.

त्याच तेराव्या शतकातली आणखी एक गोष्ट. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव घरून निघाला तो रामटेकच्या यात्रेला जातो असे सांगून. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि तो पुढे चक्रधर स्वामी झाला. गुजरातेतल्या माणसाला घर सोडायला रामटेकची यात्रा हे पटणारे निमित्त वाटत होते, यावरून त्या काळी या गावाचा लौकिक किती दूर पोहोचला होता ते लक्षात येते. टेकडीवरचे भोगरामाचे देऊळ आज चक्रधरांच्या महानुभाव पंथाचे पवित्र स्थान आहे. वाकाटकांच्या काळातल्या त्या देवळाची बांधणी नरसिंहाच्या देवळांच्या जातीचीच. तिथे जाताना शांतता पाळा. साधक बसलेले असतात.

आता एक गोष्ट, जी बहुतेक मार्गदर्शक सांगत नाहीत. तपश्चर्या केल्याबद्दल रामाने ज्या शूद्र तपस्व्याचा वध केला, तो शंबूक याच टेकडीवर होता अशी परंपरा आहे. मरताना त्याने रामाने इथेच राहावे असा वर मागितला, तो शिवलिंगरूप झाला आणि धूम्रेश्वर म्हणून पुजला जातो. रामाआधी धूम्रेश्वराचे दर्शन घ्यावे असा रिवाजही सांगितला जातो. ही कथा अवघड आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या शहरातून आपण निघालो आहोत. तिथल्या माणसाने तरी ही कथा वगळून टेकडी पाहू नये. मुलांनी प्रश्न विचारले तर विचारू द्या आणि उत्तर द्यायला वेळ काढा.

गडाजवळच कालिदास स्मारक आहे. मेघदूतातला शापित यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभर राहिला, तो हाच डोंगर, हे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ताम्रपट, लेख आणि काव्यातला भूगोल यांच्या आधारे हिरीरीने मांडले. छत्तीसगडमधल्या सरगुजा भागातला रामगढही हा मान मागतो आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. माझा कौल मिराशींच्या बाजूने आहे, कारण रामगिरी हे नाव कालिदासाच्या काळाच्या आसपासच्या ताम्रपटात इथलेच सापडते. स्मारकात कवीच्या साहित्यातल्या प्रसंगांची चित्रे आहेत. ती पाहायला अर्धा तास पुरतो. पण जमले तर आषाढाच्या पहिल्या दिवशी या. त्या दिवशी विदर्भातली संस्कृतप्रेमी मंडळी कालिदासाचे स्मरण करतात. येताना मेघदूताचा मराठी अनुवाद बरोबर आणा. सी. डी. देशमुखांनी, कुसुमाग्रजांनी, शान्ता शेळक्यांनी असे अनेकांनी तो केला आहे. कठड्याशी बसून पूर्वमेघाची पहिली काही कडवी वाचा आणि मग उत्तरेकडे बघा, ढग जिकडे निघाला होता त्या दिशेला. कवीच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही १९९७ पासून रामटेकला आहे. १९८४ आणि १९८९ ला या मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले, हेही गावकरी आवर्जून सांगतात.

चढताना पाहिले तेवढे पुरे. उतरताना गावाच्या बाजूने उतरा. पायथ्याशी दिगंबर जैनांचे शांतिनाथांचे क्षेत्र आहे. सुमारे साडेतेरा फूट उंचीची शांतिनाथांची उभी मूर्ती आणि अलीकडे बांधलेले मोठे दगडी देवालय, दोन्ही पाहण्यासारखे. आचार्य विद्यासागरांचे इथे चातुर्मास झाले आणि त्यानंतर क्षेत्राचे रूप पालटले. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावे लागते, हे आधीच लक्षात असू द्या.

जेवण गावात साधे मिळते. घरून डबा आणला असेल तर उत्तम. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे विकायला बसलेल्या बाया दिसतील. ते याच भागातल्या तळ्यांमधले. घ्याच. जेवणानंतर पान खाणाऱ्याने रामटेकचे पान मागावे. इथल्या पानवेलींच्या मळ्यांचे नाव पूर्वी लांबवर होते. आता मळे कमी झाले आहेत, आणि जी बारई कुटुंबे अजून ते राखून आहेत, त्यांच्याकडून पाने विकत घेणे ही आपल्या हातातली मदत आहे.

खिंडसीचा मोह आजच्या दिवसापुरता सोडा. तलाव सुंदर आहे, नौकाविहार चांगला आहे, पण तो एक वेगळा रविवार मागतो. त्याऐवजी दुपारी नगरधनला जा. रामटेकच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटर. वाहन नसेल तर ऑटो जाऊन-येऊन ठरवा आणि तिथे तासभर थांबायचे आधीच बोलून घ्या. गावात दिसतो तो चौकोनी किल्ला नंतरच्या काळातला आहे. आतल्या विहिरीशी जमिनीखाली देवीचे ठाणे आहे, आणि उन्हातून खाली उतरल्यावर तिथला गारवा जाणवतो. पण नगरधनचे खरे महत्त्व पायाखाली आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी इथे उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेचे नाव ब्राह्मीत असलेली मातीची एक मुद्रा मिळाली, नावाबरोबर शंखाचे चिन्ह असलेली. वजनाला साडेसहा ग्रॅमही नाही. सकाळी ज्या राणीची गोष्ट टेकडीवर ऐकली, तिच्या कचेरीतून निघालेली वस्तू इथल्या मातीत पडून होती. जवळच्या हमलापुरीला बुद्धाच्या कांस्यमूर्तीही सापडल्या आहेत. आज नगरधनला उत्खननाचे फारसे काही उघडे दिसत नाही, म्हणून इथे येण्याआधी घरी थोडे वाचून या. न वाचता आलात तर फक्त किल्ला पाहून परताल.

मनसर परतीच्या वाटेवरच आहे, म्हणून ते शेवटी. ते मॅंगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहेच. पण महामार्गाजवळची हिडिंबा टेकडी खाणींहून मोलाची. १९९७-९८ पासून जगतपती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली इथे झालेल्या उत्खननात विटांचे भव्य शिवालय निघाले. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने बांधलेले हे प्रवरेश्वर, आणि त्याची नवी राजधानी प्रवरपूर याच परिसरात होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आईने टेकडीवरच्या विष्णूला भजले, मुलाने काही कोसांवर शिवाचे देऊळ बांधले. विटांचे तारकाकृती थर आणि माथ्यावर जाणाऱ्या पायऱ्या संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. विटांवर चालू नका, आखलेल्या वाटेनेच वर जा. माथ्यावरून एका बाजूला मनसरचा तलाव आणि दूर रामटेकची टेकडी दिसते.

सूर्य मावळेपर्यंतच आत थांबता येईल असे धरून चला, म्हणजे थंडीच्या दिवसांत साडेचारला मनसरला पोहोचायला हवे. एसटीने आलेल्यांना मनसरच्या फाट्यावर नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात, जबलपूर-शिवनीहून येणाऱ्याही. सणावाराच्या संध्याकाळी कन्हानचा पूल आणि कामठीचा रस्ता भरलेला असतो, म्हणून घरी जेवायला किती वाजता पोहोचणार ते फोनवर सांगताना एक तास वाढवूनच सांगा.